जुन्या लिंका नव्या पत्त्यावर: रिडायरेक्ट सर्व्हरवरून की पानातल्या जावास्क्रिप्टने?

वाचनवेडी
नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाचं संकेतस्थळ नुकतंच नव्याने बांधून घेतलं. मी कार्यकारिणीवर आहे आणि हे काम माझ्याकडे आहे. जुनी साइट साध्या पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेतली होती. प्रत्येक लेखाचा पत्ता "लेख.पीएचपी?आयडी=४१२" अशा धाटणीचा. नवी वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या तयार प्रणालीवर आहे आणि तिथे पत्त्यात लेखाचं मराठी शीर्षक येतं. जुन्या लिंका व्हॉट्सअ‍ॅपवर, लोकांच्या ब्लॉगांवर, विकिपीडियाच्या तळटीपांत अशा सगळीकडे पसरल्यात. त्यातली एकही मोडू द्यायची नाही, हे बैठकीत एकमताने ठरलं. म्हणजे जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्यावर नेणारा रिडायरेक्ट हवा.

ज्यांनी साइट बांधली त्यांनी जुन्या पत्त्यावर एक मधलं पान ठेवलंय. वर वाचनालयाचा लोगो, खाली "आपणांस नवीन संकेतस्थळावर नेत आहोत", एक फिरणारं चक्र, आणि ३ सेकंदांनी जावास्क्रिप्ट (पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम) नव्या पानावर नेते. मी विचारलं, हे सर्व्हरवरूनच थेट का होत नाही? उत्तर आलं, "मॅडम, वाचकाला शेवटी तेच पान दिसतंय, फरक काय पडतो? सर्व्हरवर करायचं तर वेगळे पैसे होतील."

आमचे बरेचसे वाचक साठीच्या पुढचे आहेत, मोबाइलवर वाचणारे, आणि वाड्यावस्त्यांवर रेंज यथातथाच. त्यांनी ते चक्र बघत बसावं हे मला पटत नाही. सर्व्हर-साइडच हवं असं माझं मत आहे, पण बैठकीत मांडायला ठोस कारणं हवीत. वेगात खरंच किती फरक पडतो? आणि जावास्क्रिप्टचाच मार्ग बरोबर, असं कधी असतं का?

गणोबा
तीन सेकंद चक्र? तेवढ्यात आमचे काका मागे जाऊन चार जणांना सुप्रभात पाठवून येतात. सर्व्हर-साइड. बाकी तज्ज्ञ सांगतीलच, मी बसलोय.

टर्मिनलवाला
वाचनवेडी ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. कारण नीट सांगतो, कारण "शेवटी तेच पान दिसतं" हे वाक्य मी प्रत्येक कामात ऐकतो.

सर्व्हर-साइड रिडायरेक्टमध्ये ब्राउझर पान मागतो आणि सर्व्हर दोन ओळींत उत्तर देतो: स्टेटस ३०१, म्हणजे "कायमचं हललंय", आणि "लोकेशन" नावाच्या हेडरमध्ये (उत्तराच्या माथ्यावरच्या ओळीत) नवा पत्ता. पान नाही, चित्र नाही, स्क्रिप्ट नाही. ब्राउझर ते हेडर वाचतो आणि तडक नवं पान मागतो. जुना आणि नवा पत्ता एकाच डोमेनवर असेल तर जोडणी आधीच उघडी असते, म्हणजे खर्च फक्त एका फेरीचा. तुमच्या वाचकाच्या मोबाइलवरून सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन १५० मिलिसेकंद लागत असतील, तर रिडायरेक्टचे जादा १५० मिलिसेकंद. संपलं.

आता मधलं पान घ्या. सर्व्हर २०० देतो, म्हणजे "हे घ्या तुमचं पान". ब्राउझर एचटीएमएल उतरवतो, वाचायला लागतो. त्यात वरती स्टाइलशीटची (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलीची) लिंक असेल तर तिच्याखालची स्क्रिप्ट ती स्टाइलशीट येईपर्यंत चालतच नाही. म्हणजे आणखी एक फेरी. त्याच वेळी ब्राउझरचा आगाऊ धुंडाळणारा भाग पानातली चित्रं आणि फॉन्ट दिसले की मागवायला लागतो. तो लोगो, ते चक्र, सगळं वाचकाच्या डेटा पॅकमधून. मग स्क्रिप्ट चालते, ३ सेकंद थांबते, आणि नवं पान मागायला तेव्हा कुठे सुरुवात होते.

बिऱ्हाड हललंय हे पाहुण्याला फाटकावर सांगायचं, की तीन जिने चढवून कुलूप दाखवून सांगायचं, एवढा हा फरक आहे.

खडीसाखर
थोडा विरोधी सूर लावतो. टर्मिनलवाला म्हणतात ते शास्त्र बरोबर, पण प्रमाण बघा. गावच्या वाचनालयाची साइट आहे, शेअर बाजाराची नाही. ते ३ सेकंद काढून टाका, स्क्रिप्ट पानाच्या अगदी वर ठेवा, लोगो-चक्र उडवा, की पान एक किलोबाइटचंही राहत नाही. मग फरक अर्ध्या सेकंदाच्याही आत येतो. ट्विटरच्या (आताच्या एक्सच्या) छोट्या लिंका बघा. ब्राउझरला त्या २०० देऊन एका चिमुकल्या पानातून स्क्रिप्टने पुढे पाठवत आल्यात. जगाचं काही अडलं नाही. लहान संस्थेचे पैसे कुठे घालायचे हाही प्रश्न आहे.

टर्मिनलवाला
@खडीसाखर, अर्धा मुद्दा मान्य. थांबा काढून पान चिमुकलं केलं तर बरंच सुधारतं. पण तेवढंच काम सर्व्हरवर करायला कमी श्रम लागतात, मग उलटा मार्ग कशाला? पैशांचं म्हणाल तर त्यांच्याकडे जुनी लेख.पीएचपी फाइल आहेच. तिच्यातला सगळा मजकूर काढायचा, आयडी आणि नवा पत्ता अशी यादी ठेवायची, आणि जुळला की हेडर पाठवायचं. दहा-बारा ओळींचं काम आहे.

एक मात्र बजावून सांगतो. पीएचपीत नुसतं लोकेशन हेडर पाठवलं की ३०२ जातो, म्हणजे "तात्पुरतं". ३०१ आकडा स्वतः द्यावा लागतो. हेडरनंतर प्रोग्राम तिथेच थांबवायचा. आणि फाइल सेव्ह करताना "बॉम" (फाइलीच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) नसलेलं यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) निवडा. बॉम असला तर पहिल्या ओळीच्या आधीच तीन बाइट ब्राउझरकडे निघतात, आणि मग पीएचपी "हेडर आधीच गेलेत" म्हणून रुसते. मराठी मजकूर असलेल्या फाइलींत हे हटकून होतं, आणि डोळ्यांना काहीच दिसत नसल्यामुळे माणूस शोधत राहतो.

अबोली
वेगाइतकाच महत्त्वाचा एक मुद्दा राहिला. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की जी चौकट येते, शीर्षक आणि चित्राची, ती बनवणारा प्रोग्राम जावास्क्रिप्ट चालवत नाही. मधलं पान ठेवलंत तर जुनी लिंक पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या गटात "आपणांस नवीन संकेतस्थळावर नेत आहोत" हेच शीर्षक दिसेल. लेख कशाबद्दल आहे ते कुणालाच कळणार नाही. सर्व्हरवरून ३०१ दिला तर तोच प्रोग्राम मुकाट्याने पुढे जाऊन खऱ्या लेखाचं शीर्षक आणतो.

दुसरं, माझे वडील स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रोग्रामवर, वाचतात. उशिराने उडी मारणारं पान आलं की रीडर वाचायला सुरुवात करतो, दोन शब्द होतात आणि पान पायाखालून निघून जातं. मग पुन्हा पहिल्यापासून. वेळ लावून आपोआप पान बदलणाऱ्या मेटा रिफ्रेशला (पानातल्या एचटीएमएलच्या ओळीने होणाऱ्या रिडायरेक्टला) डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या निकषांत स्पष्ट नापास केलंय. शून्य सेकंदाचा चालतो, पण तिथेही शक्य तिथे सर्व्हरवरून करा असाच मार्ग सुचवलाय. साठीच्या पुढचे वाचक आहेत म्हणता ना ताई, मग हा मुद्दा बैठकीत सगळ्यात आधी मांडा.

वाचनवेडी
अबोली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे दोन दृष्टिहीन सभासद नियमित वाचणारे आहेत. हा मुद्दा पहिला.

तांबडा_रस्सा
जावास्क्रिप्ट रिडायरेक्टवरून आठवलं. ब्लॉगस्पॉट या गूगलच्या ब्लॉगसेवेवर लिहिणारी आपली जुनी मंडळी इथे आहेत का? २०१२ च्या सुरुवातीला गूगलने भारतातल्या वाचकांना डॉट कॉमवरून डॉट इनवर न्यायला सुरुवात केली. पत्त्यापुढे एनसीआर ("देशानुसार नेऊ नका" अशी खूण) लावलं की डॉट कॉमवरच राहता यायचं. मग कुणीतरी एक जावास्क्रिप्टचा तुकडा फिरवला: टेम्प्लेटमध्ये डकवा, म्हणजे डॉट इनवर आलेला वाचक परत डॉट कॉमवर जाईल. अर्ध्या मराठी ब्लॉगांनी तो डकवला. आधी गूगल इकडून तिकडे पाठवणार, मग पानातली स्क्रिप्ट तिकडून इकडे! तेव्हाच्या टूजी डोंगलवर एकेक ब्लॉग उघडायला चहा व्हायचा.

दर्यावर्दी
@तांबडा_रस्सा, त्या गोष्टीचा पुढचा भाग जास्त वाईट आहे. डॉट इनवर नेणं गूगलने नंतर बंद केलं, आणि २०२० मध्ये ब्लॉगस्पॉट डॉट इन हे डोमेनच गूगलच्या हातून गेलं. मधल्या काळात भारतातल्या लोकांनी ब्राउझरच्या पट्टीतून उचललेल्या लिंका सगळ्या डॉट इनच्या होत्या. त्या एका फटक्यात मेल्या. लेख डॉट कॉमवर शाबूत, पण तिथे नेणारं कुणी नाही. अजूनही जुन्या चर्चांमध्ये अशी लिंक दिसली तर इनच्या जागी कॉम टाकून बघा, बहुतेक वेळा लेख सापडतो. मी माझ्या आवडत्या कवितांच्या ब्लॉगांच्या लिंका अशाच एकेक करून दुरुस्त केल्यात.

रिडायरेक्ट ठेवला की कायमचा सांभाळावा लागतो, हे तेव्हा मनावर ठसलं.

मुक्काम_न्यूजर्सी
परदेशातून एक भर. तुमचा सर्व्हर मुंबईत असेल तर इथून जाऊन-येऊन सुमारे २०० मिलिसेकंद. वायफाय कितीही झकास असलं तरी समुद्राखालच्या केबलचं अंतर कमी होत नाही. त्यात साखळी असेल तर बघा काय होतं: बिनसुरक्षित पत्ता, तिथून एचटीटीपीएस (सुरक्षित पत्ता), तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, तिथून शेवटी तिरकी रेघ लावलेला पत्ता. नवा होस्ट (पत्त्यातलं सर्व्हरचं नाव) आला की डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधणं) वेगळं, टीसीपी जोडणीची एक फेरी, ती सुरक्षित करायला टीएलएस १.३ असेल तर आणखी एक, मग प्रत्यक्ष मागणीची एक. म्हणजे प्रत्येक नव्या होस्टमागे किमान तीन फेऱ्या, ६०० मिलिसेकंद, आणि हातात अजून काहीच नाही.

तेव्हा सर्व्हर-साइड आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. एका उडीत शेवटच्या पत्त्यावर न्या. क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन (जगभर पसरलेल्या सर्व्हरांचं जाळं) पुढे असेल तर रिडायरेक्टचे नियम तिथेच लावता येतात, म्हणजे उत्तर वाचकाच्या जवळच्या केंद्रातूनच मिळतं, मुंबईपर्यंत जावंच लागत नाही.

आणि कळकळीची विनंती: देश ओळखून आपोआप इंग्रजी आवृत्तीवर नेऊ नका. मी मराठी वाचायला येतो आणि साइट मला परदेशी समजून इंग्रजीत ढकलते. लिंक दाखवा, निवड माझी मला करू द्या.

सह्यकडा
न्यूजर्सीकरांच्या "एका उडीत" या मुद्द्याला छोटी दुरुस्ती. साधा पत्ता ते एचटीटीपीएस आणि बिगर-डब्ल्यू ते डब्ल्यू या दोन उड्या एकत्र करायचा मोह होतो. पण एचएसटीएस ("इथे फक्त एचटीटीपीएसनेच या" ही ब्राउझरला सूचना) वापरून ब्राउझरमध्ये आधीच भरलेल्या प्रीलोड यादीत जायचं असेल तर आधी त्याच होस्टच्या एचटीटीपीएसवर जाणं ही अट आहे, मग पुढे डब्ल्यूवर. म्हणजे तिथे दोन उड्या मुद्दाम ठेवाव्या लागतात.

त्याचा मोबदला चांगला मिळतो. एचएसटीएसचं हेडर एकदा पाहिलं की ब्राउझर पुढच्या वेळी स्वतःच एचटीटीपीएस लावून निघतो. क्रोमच्या डेव्हलपर टूल्स या तपासणीच्या खिडकीतल्या नेटवर्क टॅबमध्ये "३०७ इंटर्नल रिडायरेक्ट" अशी ओळ दिसते, ती सर्व्हरकडून आलेलीच नसते. ती उडी जवळपास फुकटात होते.

खडीसाखर
आता माझा खरा आक्षेप सांगतो. ३०१ ब्राउझर जपून ठेवतो. यादीत चुकीचा पत्ता पडला आणि शंभर जणांच्या मोबाइलने तो जपला, की तुम्ही सर्व्हरवर कितीही दुरुस्त करा, त्यांचा ब्राउझर तुम्हाला विचारायलाच येत नाही. जावास्क्रिप्टचं पान असेल तर ते बदललं की झालं. वाचनालयात हे कोण निस्तरणार?

टर्मिनलवाला
@खडीसाखर, हा आक्षेप वजनदार आहे, आणि यावर सरळ उपाय आहे. पहिले काही आठवडे ३०२ द्या. तो ब्राउझर आपणहून जपत नाही. यादी तपासून झाली, तक्रारी थांबल्या, की ३०१ करा. किंवा ३०१ सोबतच, किती वेळ जपायचं ते सांगणाऱ्या कॅश-कंट्रोल हेडरमध्ये एक तासाची मुदत घाला. दोन्हींत वेग तोच, फेरी एकच.

तपासताना डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये "प्रिझर्व्ह लॉग" आणि "डिसेबल कॅश" या दोन्हींवर खूण करा. पहिली नसेल तर पान बदलताच आधीच्या ओळी पुसल्या जातात आणि साखळी दिसतच नाही. दुसरी नसेल तर तुम्ही सर्व्हर नाही, स्वतःच्या ब्राउझरची आठवण तपासत बसता.

अजून एक गोष्ट बांधणाऱ्यांसमोर ठेवा. एलसीपी, म्हणजे पानातला सर्वांत मोठा भाग दिसायला लागलेला वेळ, गूगल २.५ सेकंदांच्या आत चांगला मानतं. त्यात सर्व्हर रिडायरेक्टचा वेळ धरला जातो. जावास्क्रिप्टने नेलं तर ब्राउझरच्या लेखी नवा प्रवास सुरू होतो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. म्हणजे वाचक चार सेकंद ताटकळला तरी नव्या पानाचा आकडा झकास दिसू शकतो. कुणी तो आकडा पुढे केला तर लिंकवर बोट टेकल्यापासून लेखाची पहिली ओळ दिसेपर्यंत साध्या घड्याळाने मोजून दाखवा.

वाचनवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. आता खरी अडचण. मी स्वतः यादी करायला बसले. जुना आयडी आणि नव्या पत्त्यासाठी लेखाचं शीर्षक, असं एक्सेलमध्ये जोडलं, मोकळ्या जागांच्या जागी आडव्या रेघा घातल्या. पण बरेच पत्ते "सापडलं नाही" म्हणतात. "महाराष्ट्रातील वाचनालयांचा इतिहास" हा आमचा सर्वाधिक वाचला जाणारा लेख, तोच उघडत नाही. शीर्षक अक्षरन् अक्षर तपासलंय.

अक्षरजुळणी
ताई, हा माझ्या आवडीचा विषय. तुमच्या त्या लेखाचा नवा पत्ता प्रत्यक्षात "महाराष्ट्रातील-वाचनालया" इथेच संपत असणार. बघा बरं.

कारण असं. पत्त्यात देवनागरी जशीच्या तशी जात नाही. यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हामागे ९ जागा. काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या तुकड्याला २०० जागांची मर्यादा आहे. "महाराष्ट्रातील" मध्ये १४ चिन्हं, म्हणजे १२६ जागा. आडवी रेघ एक, १२७. उरल्या ७३, त्यात आठ चिन्हं बसतात: व, काना, च, न, काना, ल, य, काना. नववा अनुस्वार बसत नाही, तिथे कात्री. एकाच सुरुवातीची दोन शीर्षकं असली तर दुसऱ्याच्या शेवटी २ चा आकडाही लागतो.

म्हणून शीर्षकावरून पत्ता बनवू नका. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये पोस्टच्या तक्त्यात "पोस्ट नेम" नावाचा रकाना आहे, तो जसाच्या तसा उतरवून घ्या.

दुसरा सापळा: सारखे दिसणारे पण वेगळे टाइप झालेले शब्द. "ॲ" हे एक चिन्ह आहे, आणि "अ‍ॅ" हे अ, मध्ये न दिसणारा जोडक, मग चंद्र असंही लिहिलं जातं. "सुऱ्या" मधला ऱ्य नुक्त्याच्या ऱ ने टाइप करता येतो, किंवा र, हलन्त आणि जोडक वापरून "र्‍य" असा. वाचणाऱ्याला दोन्ही एकच, संगणकाला दोन वेगळे पत्ते.

टर्मिनलवाला
अक्षरजुळणी, दंडवत. याला जोडून: हे नियम पीएचपीऐवजी अपाची या सर्व्हर प्रोग्रामच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलीत लिहिणार असाल तर सांभाळा. साधा "रिडायरेक्ट" नियम प्रश्नचिन्हापुढचा भाग बघतच नाही, त्यामुळे आयडी=४१२ आणि आयडी=४१३ त्याला एकच. त्यासाठी रीराइट या दुसऱ्या नियमाला क्वेरी स्ट्रिंगची (प्रश्नचिन्हापुढच्या भागाची) अट लावावी लागते. आणि नवा पत्ता टक्क्यांच्या रूपात डकवू नका. रीराइटमध्ये टक्क्यानंतर अंक आला की तो "वरच्या अटीतला तितकावा तुकडा" समजतो. आपल्या अक्षरांच्या तिसऱ्या बाइटमध्ये ८० ते ९९ सर्रास येतात, ते तो गपचूप गिळतो आणि पत्ता मोडतो. उरलेल्या टक्क्यांचं दुहेरी रूपांतर होतं ते वेगळंच. सरळ देवनागरीत लिहा, फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवा, बाकीचं तो करतो.

एनजिनएक्स हा सर्व्हर प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठीही एक सूचना: मॅपमध्ये (जुन्या-नव्या पत्त्यांच्या यादीत) लांब मराठी पत्ते घातले की हॅश बकेट (त्या यादीसाठी राखलेली जागा) लहान पडल्याची तक्रार येऊन सर्व्हर सुरूच होत नाही. ती मर्यादा वाढवायची, एवढंच.

नंदादीप
ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही: जावास्क्रिप्टच बरोबर, असं कधी?

पत्त्यातल्या हॅशच्या (#) खुणेपुढचा भाग सर्व्हरला कधी पाठवलाच जात नाही, तो ब्राउझरकडेच राहतो. जुनी साइट एका पानात सगळं दाखवणारी असेल आणि लेखाचा क्रमांक हॅशनंतर असेल, तर कुठला लेख हवाय ते सर्व्हरला कळणारच नाही. तिथे स्क्रिप्टच हवी. गिटहब पेजेससारख्या फुकट जागेवर सर्व्हरला हात लावता येत नाही, तिथेही शून्य सेकंदाचा मेटा रिफ्रेश हाच मार्ग. त्याला गूगल कायमचा रिडायरेक्ट मानतं, वेळ लावलेल्याला तात्पुरता.

आणि ऑनलाइन पैसे भरताना "बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका" असं जे पान येतं, तेही बरेचदा स्क्रिप्टने फॉर्म पुढे पाठवत असतं. ३०१ आणि ३०२ वर ब्राउझर पोस्टचं (माहिती पाठवण्याचं) गेट (नुसतं पान मागणं) करून टाकतात आणि फॉर्ममधली माहिती गळते. ती टिकवायला ३०७ आणि ३०८ आहेत. सभासद वर्गणी ऑनलाइन घेत असाल तर फॉर्म पाठवल्यावर ३०३ ("आता ते पान बघा") देऊन पावतीच्या पानावर न्या, म्हणजे कुणी रिफ्रेश केलं तर वर्गणी दोनदा जात नाही.

गणोबा
मागच्या महिन्यात माझी वीजबिलाची रक्कम त्याच पानावर अडकली होती. बॅक दाबलं नव्हतं, शपथ. परत मिळाली, पण आठवडा झोप नाही.

सह्यकडा
सुरक्षेचं एक वाक्य: नवा पत्ता लिंकमध्येच पाठवून "तिथे ने" असा उघडा रिडायरेक्ट कुठल्याही परिस्थितीत ठेवू नका. तुमच्या वाचनालयाच्या नावावर विश्वास ठेवून कुणी दाबेल आणि ठगाच्या पानावर पोचेल. जावास्क्रिप्टने केलेल्या रिडायरेक्टमध्ये तर पत्त्याच्या जागी स्क्रिप्टच घुसवता येते. यादी तुमची, यादीत नसेल तर ४०४, म्हणजे "सापडलं नाही".

वाचनवेडी
कळवायला आले. बैठकीत अबोलीचा मुद्दा आधी मांडला, मग व्हॉट्सअ‍ॅपवर जुनी लिंक टाकून चौकट दाखवली. अध्यक्षांनी स्वतःच्या मोबाइलवर तीच लिंक उघडली आणि चक्र फिरू लागल्यावर मान वर करून म्हणाले, "हे काढा." चर्चेची गरजच उरली नाही.

यादी पोस्ट नेमच्या रकान्यावरून केली. अक्षरजुळणी म्हणाले तसंच, तो लेख "वाचनालया" वरच तुटलेला होता. माझ्या भाच्याने लेख.पीएचपी बदलली, सध्या ३०२ ठेवलंय. नेटवर्क टॅबमध्ये आता एक ओळ ३०२ची, लगेच खाली लेखाची. वस्तीवरच्या एका आजोबांनी फोन करून विचारलं, "आज लगेच उघडलं, काय केलंत?" बरं वाटलं.

आता ३०१ केल्यावर हे किती दिवस ठेवायचं? बांधणारे म्हणतात सहा महिने पुरे.

टर्मिनलवाला
ताई, उत्तम काम. सहा महिने अजिबात पुरेसे नाहीत. गूगल किमान एक वर्ष ठेवा म्हणतं, आणि ते शोधयंत्राच्या सोयीपुरतं. विकिपीडियाच्या तळटीपेतली लिंक दहा वर्षांनीही कुणी दाबेल. दहा ओळींची फाइल आहे, कायम राहू दे. सोबत नव्या लेखांच्या मजकुरात जुन्या पत्त्यांच्या लिंका असतील तर त्या डेटाबेसमध्ये बदलून घ्या. आपल्याच घरात फिरताना वाचकाला रिडायरेक्ट लागताच कामा नये.

दर्यावर्दी
आणि डोमेनची नोंदणी वाचनालयाच्या नावावर आहे की बांधणाऱ्यांच्या, ते आजच बघा. नूतनीकरणाची आठवण करून देणारं पत्र कुणाच्या ईमेलवर येतं तेही. ब्लॉगस्पॉट डॉट इन गूगलच्या हातून गेलं, आपण तर छोटी माणसं.

वाचनवेडी
बांधणाऱ्यांच्या ईमेलवर आहे. आत्ताच सचिवांना फोन केला, सोमवारी बदलून घेतोय.